उतार कोनत्या अंगले?

नाना,

काल तेराव्याला तुमची गंधमुक्ती झाली. पंगत उठली, पाहुणे धुळ्याच्या गाड्या धरायला निघाले आणि ओट्यावर तुमच्या फावड्यावरून भांडण लागलं. खोटं सांगत नाही. लोक वावरावरून भांडतात, घरावरून भांडतात. तुमच्या मागे चार कर्ती माणसं एका झिजलेल्या फावड्यावरून भांडत होती. एक म्हणे, पाटकऱ्याचं फावडं नव्या पाटकऱ्याकडेच गेलं पाहिजे. दुसरा म्हणे, बंधाऱ्यावरच्या देवळात ठेवा. दगाभाऊचं म्हणणं असं, की त्याचं वावर पाटाच्या अगदी शेवटाला, आणि नानांनी हे फावडं सगळ्यात जास्त झिजवलं ते त्याच्यापर्यंत पाणी नेण्यासाठी, तेव्हा पहिला हक्क त्याचा. शेवटी काकू दारात आली. तेरा दिवसांत ती धड बोलली नव्हती. म्हणाली, "फावडं पोर ली जाई. बस."

पोर म्हणजे मी. तुमच्या भावाची मुलगी, पुण्यात रेडिओ दुर्बिणीवर काम करणारी, हातात आयुष्यात कधी नीट फावडं न धरलेली. कुणीतरी हसून विचारलंच, "ही काय ताऱ्यांचं दारं धरनार शे का?" दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं. त्याला काय सांगणार, की गेली सात वर्षं मी नेमकं तेच करते आहे, आणि ते मला या फावड्याच्या मालकानं शिकवलं.

तुम्ही कोण होतात हे पुण्यात सांगताना माझी फार पंचाईत व्हायची. "काका शेतकरी?" असं विचारलं की मी म्हणायचे, "पाटकरी." मग पुढचा अर्धा तास जायचा. पांझरा नदीवर जुना दगडी बंधारा आहे, त्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे सामाईक पाण्याच्या मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली आहे, आणि फडात कुणी स्वतःच्या वावराला स्वतः पाणी घेत नाही, हे पटवून द्यावं लागायचं. पाणी सगळ्यांना एकच माणूस देतो. तो पाटकरी. सरपंचाच्या उसाला आणि विधवेच्या गव्हाला त्याचं फावडं सारखंच. लोक म्हणायचे, असं कसं चालतं, भांडणं होत नाहीत? मी म्हणायचे, होतात ना, पण नानांशी भांडून कुणी जिंकल्याचं गावाला आठवत नाही.

तुमच्या कामाच्या दोन रीती होत्या आणि दोन्ही तुम्ही कधी मोडल्या नाहीत. पाणी सोडायच्या आधी कोरडा पाट चालत बघायचा, तोही उलटा. सगळे बंधाऱ्याकडून खाली येतात, तुम्ही शेवटाकडून वर जायचात. पाटाच्या शेवटाला आपल्याकडे टेल म्हणतात. टेलवरून निघायचं, गवत काढत, उंदरांची बिळं बुजवत बंधाऱ्यापर्यंत जायचं आणि मगच दार उचलायचं. दुसरी रीत हाकेची. पाणी टेलच्या वावरात शिरलं की दगाभाऊनं ओरडायचं, "पानी उनं!" पाणी आलं. वरच्या वावरातल्यानं ती हाक उचलायची, मग त्याच्या वरच्यानं, आणि ती तशी वावरावावरातून बंधाऱ्यावर तुमच्यापर्यंत यायची. तोवर मधलं एकही दार उघडायचं नाही, मग पाटाला खेटून असलेल्या माणसाचं पीक डोळ्यांदेखत का माना टाकत असेना. मी एम.एस्सी.ला जळगावला होते, पिंप्राळ्यात खोली करून राहायचे. सुट्टीत आले की पाण्याचं एखादं आवर्तन तुमच्याबरोबर चालायचे. एकदा मी विचारलं होतं, सुरुवात वरून का नाही करत, सोपं पडेल. तुम्ही वर न बघता सांगितलंत, "वरथून निंघना का माणूसले वाटस, पानी रग्गड शे."

या वाक्यावर माझी सगळी नोकरी उभी आहे, नाना. पण ते कळायला मला फार उशीर लागला.

आपलं पहिलं भांडण आठवतं? मी नुकती पुण्याला संशोधनाला लागले होते. ओट्यावर तुम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन बसला होतात, भर दुपार होती. तुम्ही विचारलंत, तिकडे दिवसभर करतेस काय. मी सांगू लागले. ताऱ्यांच्या मधली जागा मोकळी नसते. तिथे थंडगार वायू असतो, धूळ असते, आणि ती कुठेही पसरलेली नसते, तर लांबच लांब दोऱ्यांसारखी ताणलेली असते. अशा अनेक दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे गाभा तयार होतो. सूर्याच्या आठ-दहापट, त्याहूनही जड असे मोठे तारे बहुतेक अशाच गाभ्यांत जन्मतात. प्रश्न एवढाच, की एवढ्या मोठ्या ताऱ्याला एवढा माल मिळतो कुठून.

तुम्ही म्हणालात, "सोपं शे. इहीर, नही ते पाट."

मी भाकरी हातात धरून तुमच्याकडे बघत राहिले. कारण आमच्या क्षेत्रातलं भांडण अगदी हेच होतं. एक पक्ष म्हणतो, मोठा तारा स्वतःच्या विहिरीवर वाढतो. म्हणजे आधी एक मोठा थंड गोळा तयार होतो, लागेल तेवढा सगळा वायू त्याच्या पोटातच असतो, आणि तो आपल्याच वजनानं आत कोसळतो. दुसरा पक्ष म्हणतो, नाही, सुरुवातीला गोळा लहानच असतो, त्या दोऱ्यांवाटे लांबून वायू वाहत येतो आणि त्यावर तो पोसला जातो. माझे सर विहिरीवाले. म्हणून मीही विहिरीवाली.

तुम्ही पाटवाले असणार हे उघडच होतं. "एका इहिरना पोटमा कितलं पानी ऱ्हाई?" असं विचारून तुम्ही ठेच्याला बोट लावलंत. "मोठं पीक दूरना पानीवर ऱ्हास." मी चिडले. तुम्हाला म्हटलं, नाना, हे उसाचं वावर नाही, याला गणित लागतं. तुम्ही म्हणालात, कर की गणित, कोण नाही म्हणतं. आणि वर काकूला सांगितलंत, पोरीला अजून एक भाकरी दे, गणिताला भूक लागते.

मग चार वर्षं मी विहीर शोधली. ज्यातून मोठा तारा स्वतःच्या बळावर उभा राहील असा एक थंड, शांत, भलामोठा गोळा. दरवेळी काहीतरी सापडल्यासारखं वाटायचं आणि जवळून बघितलं की त्याचे लहान लहान तुकडे निघायचे. एकाच्याही पोटात पुरेसा माल नसायचा. जगात इतरांचंही तेच चाललं होतं, काही उमेदवार मिळायचे आणि पुढे फुटायचे. सर म्हणायचे, सापडेल, धीर धर. मला रडू यायचं. एका दिवाळीला मी तुमच्यापुढे ते रडगाणं गायले, तेव्हा तुम्ही अजिबात "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाहीत. हा तुमचा मोठेपणा मी नंतर किती जणांना सांगितला. तुम्ही एवढंच म्हणालात, "इहीर सापडत नही ते पाट देख ना माय."

दुर्बिणीवर वेळ मागायला अर्ज करावा लागतो. त्या वर्षी मी अर्ज केला तो दोऱ्यांच्या एका जुडग्यासाठी, आणि तुम्हाला फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं की आता पाट बघणार आहे. तुम्ही विचारलंत, कुठून बघशील? मी म्हटलं, गाभ्याकडून, तिथे सगळं ठळक दिसतं. मग तुमचा तो टेलवरचा आवाज आला, "शेवट आधी देख. तोंड कोनलेबी दिसस."

मी अर्ज बदलला. गाभ्यापासून सगळ्यात लांबच्या, फिकट, कुणी ढुंकून न बघणाऱ्या टोकापासून सुरुवात करायची असं लिहिलं. सरांनी कपाळाला हात लावला. तिथे काही दिसणार नाही, दुर्बिणीचा वेळ फुकट जाईल, म्हणाले. त्यांना कसं सांगू, की हा बदल पांझराकाठच्या पाटकऱ्यानं सुचवलाय? मी काहीतरी तांत्रिक बोलून वेळ मारून नेली. ताकाला जाऊन भांडं लपवलं म्हणा ना.

आणि नाना, टेललाच तर सगळं होतं. गाभ्याजवळ इतकी गर्दी, इतकी खळबळ, की कुणाची धार कुठे चालली आहे कळेना. शेवटाला मात्र वायू शांत होता, आणि टेलपासून गाभ्याकडे एकेक टप्पा मोजत आले तसा त्याचा वेग अगदी हळूहळू, शहाण्यासारखा बदलत गेला. आम्ही वेग मोजतो तो वायूतल्या रेणूंच्या सुरावरून. येणाऱ्या एस्.टी.चा भोंगा चढा ऐकू येतो आणि गेलेल्या एस्.टी.चा उतरता, तसं. एका बाजूच्या दोरीतला वायू आपल्यापासून लांब जात होता, दुसरीतला आपल्याकडे येत होता. वाहत होतं, नाना! पाट वाहता होता! मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही बंधाऱ्यावर होतात. पाण्याच्या आवाजात तुम्हाला निम्मं ऐकूच आलं नसेल, पण तुम्ही तिथल्या सगळ्यांना ओरडून सांगितलंत ते मला इकडे ऐकू आलं. "मनी पोर आकाशमा पाट देखस!"

इथवर सगळं चांगलं आहे. आता जे सांगायचं ते मी तेरा दिवस मनात घोळवते आहे.

जळगावच्या माझ्या जुन्या कॉलेजनं भाषणाला बोलावलं. तुम्ही म्हणालात, मी येणार. धुळ्याहून एस्.टी.नं आलात, स्वच्छ धुतलेलं धोतर, कडक टोपी, आणि गाडीतल्या शेजाऱ्यालाही पकडून बरोबर आणलंत. बिचारा पारोळ्याला उतरणार होता म्हणे. पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या शेजारी बसलात. मी पडद्यावर चित्र लावलं. दोऱ्या, मधला उजळ गाभा, लांब जाणारी दोरी तांबडी, जवळ येणारी निळी. मी छातीठोक सांगितलं की वायू दोन्ही बाजूंनी गाभ्याकडे वाहतो आहे आणि आत मोठे तारे पोसतो आहे. टाळ्या झाल्या. कुणाला काही प्रश्न, असं विचारलं. तुमचा हात वर.

"तू सांगस, पानी मझार येस. पन उतार कोनत्या अंगले शे, ते कसं समजनं तुले? पानी भायेरबी जाई सकस."

सभागृहात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी काही जण. शहरातली मुलं, त्यांना आपली बोली ऐकून हसू फुटलं असेल, प्रश्नाला ती हसलीच नसतील. आणि मी, जिला त्या क्षणी व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्या कानाखाली द्यायला हवी होती, मी काय केलं? मीही हसले. गोड, शहरी हसले. आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "नाना, आकाशात उतार नसतो." पुन्हा टाळ्या झाल्या. तुम्ही मान डोलावलीत आणि खाली बसलात.

नंतर प्राचार्यांनी भरीत-पुरीचं जेवण ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, गाडी चुकेल, निघतो. मी स्टँडपर्यंत आले नाही. रिक्षात बसवून दिलं. घरी पोचून तुम्ही फोन केलात, "भासन झकास व्हयनं वं माय." प्रश्नाचं नावही काढलं नाहीत.

पंधरा दिवसांनी शोधनिबंधावर परीक्षकाचं पत्र आलं. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला तो अनोळखी माणूस, अतिशय सभ्य इंग्रजीत त्यानं विचारलं होतं की दोरीचं कोणतं टोक आपल्याकडे झुकलेलं आहे हे तुम्ही कसं ठरवलं, कारण झुकाव उलटा असेल तर हाच वेग वायू बाहेर जात असल्याचा ठरतो. मी पत्र वाचलं, परत वाचलं, आणि खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. तुमचाच प्रश्न होता. शब्दाला शब्द. सुरावरून आम्हाला एवढंच कळतं की वायू आपल्याकडे येतो की आपल्यापासून जातो. आता टेल आपल्या जवळ असेल आणि गाभा पलीकडे, तर लांब जाणारा वायू गाभ्यात शिरतो आहे. पण गाभा जवळ असेल आणि टेल पलीकडे, तर तोच वायू गाभ्यातून बाहेर पळतो आहे. उतार कोणत्या अंगाला, हे कळल्याशिवाय माझं सगळं चित्र रंगीत रांगोळी. सर, मी, आमची सगळी टोळी, एकानंही ते विचारलं नव्हतं. आम्ही उतार गृहीत धरला होता, कारण तो आम्हाला तसा हवा होता. हे फक्त पाण्यामागे चाललेल्या माणसाच्याच लक्षात येऊ शकतं. आणि मी त्या माणसाला भरसभेत सांगितलं होतं की उतार नसतो.

तेव्हाच फोन करायला हवा होता. नुसतं म्हणायचं, नाना, चुकले. पण मी कोण? तुमचीच पुतणी, तुमच्याएवढीच हट्टी. मला रिकाम्या हातानं माफी मागायची नव्हती. ठरवलं, आधी उत्तर शोधायचं आणि ते घेऊन जायचं. पाच महिने गेले. मधल्या काळात आपण फोनवर सगळं बोललो. काकूचे गुडघे, दगाभाऊचा कांदा, पाटाला पडलेलं भगदाड. तेवढं एक सोडून.

उत्तर कसं मिळालं ते ऐका, तुम्हाला आवडेल. माझ्या टेबलावर तुमचा एक फोटो आहे, बंधाऱ्याच्या दारापाशी उभे, मागे उन्हात चमकणारं पाणी. काकूला तो मुळीच आवडत नाही, काळा आला म्हणते. एका दुपारी मी डोकं धरून बसले होते आणि समोर तो काळा नाना. काळा का? कारण उजेडाच्या पुढे उभा आहे. उजेडाच्या मागे असता तर काळा दिसला नसता. मी ताडकन उठले. आमचा गाभा उजळ आहे, त्याच्याभोवती धुळीची चमक पसरलेली असते. जी दोरी त्या चमकेच्या अलीकडे, आपल्या बाजूला असेल, ती काळी दिसणार. पलीकडची काळी दिसणार नाही. उष्णतेचा उजेड टिपणाऱ्या एका दुर्बिणीची जुनी छायाचित्रं सगळ्यांना खुली आहेत, वर्षानुवर्षं पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उघडून पाहिलं. जिच्यातला वायू आपल्यापासून लांब जात होता, ती दोरी काळी होती. म्हणजे तिची टेल अलीकडे, आपल्या बाजूला. जिच्यातला आपल्याकडे येत होता, तिची सावली कुठेच नव्हती. म्हणजे तिची टेल पलीकडे. दोन्हीकडून आत, नाना. मझार.

सरांनी आठ दिवस उलटतपासणी घेतली. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण आता उतार नुसता धरून चाललेला नाही, बघितलेला आहे, असं त्यांनीही मान्य केलं. विहिरीवाल्या माणसानं. मग त्यांनी निबंधाच्या शेवटी मी लिहिलेली आभाराची ओळ वाचली. तिथे तुमचं नाव होतं आणि पुढे "पाटकरी" असं आपल्याच शब्दात, इंग्रजी अक्षरांत. सरांनी विचारलं, हे कोण, कशावर काम करतात? म्हटलं, पाण्यावर. ते म्हणाले, एकदा भेटायला हवं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून पंधरा दिवस होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आपल्याकडे आखाजीसारखा सण नाही. मी ठरवलं, आखाजीला जायचं, तुमच्यासमोर ओट्यावर बसायचं आणि तुमचा चेहरा बघत सांगायचं. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती. असं मला वाटलं. आठ दिवस मी ती गोष्ट नव्या लुगड्यासारखी घडी घालून ठेवली. आणि एका दुपारी तुम्ही आवर्तन पुरं करून घरी आलात, हातपाय धुतलेत, काकूला चहा टाक म्हणालात, आणि चहा उकळेपर्यंतही थांबला नाहीत.

पाणी पोचायच्या आधी दार बंद झालं, नाना. माझ्यामुळे.

तुम्ही उत्तर ऐकून गप्प बसला असतात असं मला मुळीच वाटत नाही. तुम्ही लगेच दुसरं भांडण काढलं असतं. हे कसलं आवर्तन, म्हणाला असतात, सगळं पाणी मोठ्याच्याच वावरात? मग मी म्हटलं असतं, तसं नाही, दोरीच्या वाटेवरही जागोजागी गाठी पडतात आणि तिथे लहान तारे होतात, आपल्या सूर्यासारखे आणि त्याहून लहान. वाटेतले लहानही पीत असतात. तुमचं थोडं समाधान झालं असतं. मग मला नाइलाजानं पुढचं सांगावं लागलं असतं, की तो मोठा तारा एकदा पेटला की स्वतःच्या उजेडानं आणि वाऱ्यानं आजूबाजूचा वायू उधळून लावतो, ज्या दोऱ्यांनी त्याला वाढवलं त्याच तोडून टाकतो. यावर तुम्ही आपल्या गावातल्या निदान दोन पुढाऱ्यांची नावं घेतली असतीत आणि काकूनं आतून "हळू बोला" म्हटलं असतं. हे भांडण आपलं राहिलं. ते मी कुणाशी करू? सरांशी करून काय मजा.

लोक सांत्वनाला आले की म्हणतात, मोठं माणूस गेलं. मला तेवढ्यानं भागत नाही. मला प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटतं, की कुणी हजर नसताना, कुणी बघत नसताना, चाळीस वर्षं हा माणूस टेलकडून चालत आला. त्यानं एकाच्याही वावराला पाळी मोडून पाणी दिलं नाही, आपल्या स्वतःच्या तर नाहीच. आणि सातवी शिकून त्यानं जो प्रश्न विचारला, तो विचारायला जगाच्या पलीकडच्या टोकाला एक मोठा शास्त्रज्ञ लागला. रडू येतं ते येतंच, पण त्याच्याबरोबर छाती अशी फुगते की काकू म्हणते, पोर रडते आहे की मिरवते आहे. दोन्ही, काकू.

आज सकाळी तुमच्यानंतरचं पहिलं आवर्तन होतं. नवा पाटकरी तरुण आहे, चांगला आहे, जरा घाबरलेला होता. मी तुमचं फावडं खांद्यावर घेतलं आणि टेलला गेले. चपला हातात, पाय पाटात, दगाभाऊच्या वावरापासून बंधाऱ्याकडे निघाले. गवत काढलं, दोन बिळं बुजवली, तळहाताला फोड आले. वाटेत बायका बघत होत्या. वर पोचल्यावर त्या तरुणानं दार उचललं आणि मी पाण्याबरोबर परत खाली आले. पाणी माझ्यापेक्षा हळू चालत होतं, मला दोनदा थांबावं लागलं.

दगाभाऊच्या बांधाशी पाणी आलं, वळलं, वावरात शिरलं. वरच्या वावरांतली माणसं दारांवर हात ठेवून वाट बघत होती. मी म्हटलं, दगाभाऊ, आवाज दे. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "आते कोनले आवाज देऊ? आयकाले कोन शे तठे?"

तेव्हा मी फावडं बांधात रोवलं आणि बंधाऱ्याकडे तोंड केलं. जळगावच्या त्या सभागृहात जी भाषा मी तोंडातून बाहेर येऊ दिली नव्हती, ती बेंबीच्या देठापासून काढली.

"उतार मझारले शे, नाना! पानी उनं!"

वरच्या वावरातल्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्याला काय कळलं असेल, देव जाणे. पण फडाची रीत आहे, खालून आलेली हाक जशीच्या तशी वर द्यायची. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ती सगळीच्या सगळी वर दिली. मग त्याच्या वरच्यानं दिली. मी टेलला उभी राहून ऐकत होते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वावरावावरातून तुमच्या बंधाऱ्याकडे चाललं होतं.